जुन्या कार्डाचा ड्रायव्हर: लिनक्सने ठेवायचा की काढायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, ही बातमी घरोघरी पोचली. त्याच दिवशीच्या विंडोज अपडेटने आणखी एक काम केलं, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. एका जुन्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर, म्हणजे तो मोडेम चालवणारा कोड, वर्षानुवर्षं विंडोजबरोबरच येत होता. मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकला. त्यात सुरक्षेची फट सापडली होती, हल्लेखोर ती वापरू लागले होते आणि संगणकाला तो मोडेम जोडलेला नसला तरी फट उघडीच राहत होती. ज्यांचं काम खरोखर त्या मोडेमवर चालत होतं, त्यांचा मोडेम त्या अपडेटनंतर बंद.

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण कोड सगळ्यांना खुला असलेली प्रणाली. तिच्यातही असे निर्णय सतत होत असतात. फरक इतकाच की ते उघड्यावर होतात, आणि त्यात कुणालाही बोलता येतं. आपल्याकडून बोलणारे जवळजवळ कुणी नाहीत, म्हणून हा लेख.

बडोद्याला हा विषय परका नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या किंवा पंपांच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये डोकावा. टेस्टिंग बेंचखाली धुळीने माखलेला एक पीसी असतो. त्याच्या मागे ३७ पिनांचा कनेक्टर, त्यातून निघालेल्या वायरी सेन्सरांपर्यंत गेलेल्या. पीसीच्या आत एक लांबलचक कार्ड असतं, जे तापमान आणि व्होल्टेज मोजून आकड्यांत देतं. कार्ड वीस-पंचवीस वर्षांचं, पण अचूक. मालक विचारतो, “हे अपडेट केलं तर कार्ड बंद तर नाही ना पडणार?” त्याला उत्तर द्यायचं तर आधी थोडं मुळापासून बघावं लागेल.

कर्नल, ड्रायव्हर आणि एकच मोठं घर

संगणकाची मेमरी, डिस्क, नेटवर्क, वेळ या सगळ्याचा ताबा ज्या मूळ प्रोग्रामकडे असतो तो कर्नल. एखाद्या विशिष्ट कार्डाशी कसं बोलायचं, कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहिला की मोजणी सुरू होते, हे ज्याला माहीत असतं तो कोड म्हणजे ड्रायव्हर.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्स लिहायला घेतलं. आज कर्नलच्या कोडमध्ये सुमारे चार कोटी ओळी आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ड्रायव्हरच्या आहेत. लिनक्सची रीत अशी की ड्रायव्हर शक्यतो कर्नलच्या मूळ कोडमध्येच ठेवायचा. त्यामुळे तुम्ही कार्ड लावता, लिनक्स ते ओळखतं आणि सीडी शोधावी लागत नाही. मोजणीच्या कार्डांचेच बघा. पीसीएल-८१८सारख्या जुन्या आयएसए स्लॉटच्या (मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेच्या) कार्डांपासून पुष्कळ कार्डांचे ड्रायव्हर ‘कॉमेडी’ नावाच्या विभागात आहेत. हा विभाग बरीच वर्षं ‘स्टेजिंग’मध्ये होता. जो कोड अजून पक्का नाही, पण काम करून सुधारता येईल, तो स्टेजिंगमध्ये ठेवतात. २०२१मध्ये, ५.१३ या आवृत्तीत कॉमेडी तिथून बाहेर येऊन कर्नलचा रीतसर भाग झाला. जग आयएसए स्लॉट केव्हाच विसरलं होतं, आणि तेव्हा या कार्डांच्या ड्रायव्हरला बढती मिळाली. ती का मिळाली, ते पुढे येईलच.

“पडून आहे तर पडू दे, खातंय काय?”

हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप. कोड गंजत नाही, डिस्कवर चार केबी जागा घेतो. मग काढायचा कशाला?

रावपुऱ्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. एका खोलीला कुलूप आहे, बिऱ्हाडकरू परगावी. आता सगळ्या वाड्याचं वायरिंग बदलायचं ठरलं. त्या खोलीतही नवी वायर ओढावीच लागते, नाहीतर जुनी वायर नव्या मीटरला जोडलेली राहील. वायरमन दुसरी किल्ली मागून आत जातो आणि वायर ओढून बाहेर येतो. पण आतला पंखा फिरतो का, हे बघायला कुणी नाही. असं दर दोन वर्षांनी होत राहिलं तर एक दिवस त्या खोलीत काय चालतं आणि काय नाही, हे वाड्यात कुणालाच ठाऊक नसतं.

कर्नलमध्ये वायरिंग सारखं बदलत असतं, कारण कर्नलच्या आतल्या भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम कायमचे ठरलेले नाहीत. बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द कर्नल कसोशीने पाळतो, आतल्या आत मात्र तो स्वतःला मोकळा ठेवतो. एक उदाहरण जवळून बघू. उपकरण काढून घेताना ड्रायव्हरचं एक फंक्शन चालतं, आणि ते काम झालं की नाही हे सांगणारा आकडा परत देत असे. त्या आकड्याचा कर्नलला उपयोग काहीच नव्हता. उलट, लिहिणाऱ्याचा गैरसमज व्हायचा की चूक कळवली म्हणजे उपकरण काढणं थांबेल. तेव्हा हे फंक्शन काहीच परत देणार नाही असं ठरलं. उवे क्लाइने-क्योनिग या डेव्हलपरने हे काम लावून धरलं. बदल छोटा, पण हजाराहून अधिक ड्रायव्हरमध्ये करावा लागला आणि मुख्यतः २०२३-२४मध्ये पार पडला. ज्या ड्रायव्हरचं उपकरण कुणाच्याच टेबलावर नाही, त्यातही तो करावाच लागला. कम्पाइल झालं म्हणजे चाललं, असं मानून पुढे जायचं.

असा प्रत्येक बदल करणाऱ्या माणसाचा वेळ खातो. बहुतेकदा तो माणूस एखाद्या कंपनीच्या पगारावर हे काम करत असतो, तरी त्याचा वेळ मोजकाच. पडून असलेल्या कोडाची किंमत त्याच्या वेळात मोजायची असते.

“ज्याला नको त्याने बंद ठेवावा”

हेही बरोबर वाटतं. कर्नल बांधताना हजारो पर्याय असतात, नको तो ड्रायव्हर वगळता येतो. पण आपण कर्नल बांधत नाही, उबुंटू किंवा फेडोरासारख्या ठिकाणाहून तयार घेतो. ते लोक सगळ्यांची सोय व्हावी म्हणून जवळपास सगळेच ड्रायव्हर सुटे भाग करून सोबत देतात. गरज पडली की तो भाग आपोआप मेमरीत येतो.

२०१७मध्ये अलेक्झांडर पोपोव्ह या संशोधकाने दाखवलेली चूक या सोयीतूनच धोक्याची झाली. एचडीएलसी नावाची सिरियल लाइनवरून डेटा पाठवायची एक पद्धत आहे, आणि ती खास कार्डांवर चालते. त्यासाठीच्या कोडात २००९पासून एक चूक होती. एकच मेमरी दोनदा मोकळी केली जाऊ शकत होती. ते कार्ड ज्याने आयुष्यात पाहिलेलं नाही अशा माणसाच्या संगणकावरही साधा वापरकर्ता टर्मिनलला ‘ही पद्धत लाव’ म्हणू शकत होता. तसं म्हटलं की कोड आपोआप मेमरीत येई, आणि तिथून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येई. आठ वर्षं ही फट तशीच होती. कार्ड मोजक्या लोकांचं, धोका सगळ्यांचा.

म्हणून ‘कुणी वापरत नाही तर कुणाला त्रासही नाही’ हे गृहीत मला मान्य नाही. ज्या कोडाकडे कुणाचं लक्ष नाही, तोच हल्लेखोराला आधी दिसतो.

आता याची दुसरी बाजू. गूगलने बनवलेला सिझकॉलर नावाचा प्रोग्राम कर्नलला वेडेवाकडे आकडे देऊन तो कुठे कोलमडतो हे शोधतो, आणि त्याचाच भाग असलेला सिझबॉट सापडलेल्या चुका कळवतो. २०२५च्या उन्हाळ्यात त्याने कॉमेडीच्या काही जुन्या कार्डांचे ड्रायव्हर पकडले. त्यात पीसीएल-८१२ होतं. कार्ड जोडताना वापरणारा इंटरप्टचा क्रमांक सांगतो. इंटरप्ट म्हणजे ‘आकडा तयार आहे, घेऊन जा’ असा कार्डाने प्रोसेसरला दिलेला इशारा. ड्रायव्हर तो क्रमांक न तपासता १ हा आकडा बिटांच्या रांगेत तितकी घरं पुढे सरकवत होता. कुणी अवाच्या सवा क्रमांक दिला तर हिशेबच बिघडे. जुन्या पीसीवर इंटरप्ट ० ते १५ एवढेच, त्यामुळे दुरुस्ती एका अटीची होती: क्रमांक १६पेक्षा कमी आहे का ते आधी बघ. इयान ॲबट यांनी ती केली, आणि तशीच चूक असलेल्या शेजारच्या ड्रायव्हरमध्येही केली. कॉमेडीचे मेंटेनर, म्हणजे त्या कोडाची जबाबदारी घेणारे, यांपैकी ते एक आहेत.

एचडीएलसीची चूक आठ वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. हीही कोडात बरीच वर्षं होती, पण कळवल्यावर काही आठवड्यांत मिटली. कॉमेडीची कार्डं एचडीएलसीच्या कार्डांपेक्षा नवी आहेत म्हणून हे घडलं नाही. विचारलं तर उत्तर देणारा माणूस तिथे होता. कॉमेडीला स्टेजिंगमधून बढती मिळाली तीही अशीच.

कोण ठरवतं, आणि कशावरून

लिनक्सचा कर्नल तुमच्या संगणकावरून कुणाला काही कळवत नाही. मकरपुऱ्यात किती बेंच कुठल्या कार्डावर चालतात, याची नोंद जगात कुठेच नाही. त्यामुळे वापरणाऱ्यांची संख्या पाहून निर्णय घेणं मेंटेनरला शक्यच नसतं. तो खुणा बघतो.

पहिली खूण म्हणजे ड्रायव्हरचा इतिहास. कर्नलमधला प्रत्येक बदल कुणी, कधी आणि का केला ते नोंदलेलं असतं. एखाद्या ड्रायव्हरची गेल्या दहा वर्षांची नोंद उघडावी. सगळे बदल वर सांगितलेल्या वायरिंगच्या जातीचे निघाले, स्पेलिंगच्या दुरुस्त्या निघाल्या, आणि ‘माझ्या यंत्रावर असं होतंय’ म्हणून केलेला एकही बदल निघाला नाही, तर ती खोली रिकामी आहे असं समजलं जातं. कधीकधी असंही उघड होतं की ड्रायव्हर चार-पाच वर्षांपूर्वीच मोडला आणि कुणी तक्रारही केली नाही. याहून मोठा पुरावा नाही.

दुसरी खूण ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलमध्ये असते. तिथे प्रत्येक विभागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते: पगार घेऊन कुणी सांभाळतंय, नुसतं कुणीतरी सांभाळतंय, जमेल तशी डागडुजी होतेय, किंवा ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ. मग उपकरण अजून विकत मिळतं का, ते लावलेली यंत्रं नवा कर्नल चालवतात तरी का, आणि हा ड्रायव्हर एखाद्या मोठ्या सुधारणेच्या आड येतोय का, हेही विचारात घेतात. शेवटचा मुद्दा बऱ्याचदा निर्णायक ठरतो.

वय मात्र निकष नाही. टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. तरी त्याच ३८६चा सपोर्ट २०१२च्या डिसेंबरमध्ये काढला, कारण त्याच्यासाठी ठेवलेल्या खास वाटा बाकीच्या सगळ्यांचं काम अवघड करत होत्या. २०१८मध्ये ४.१७ आवृत्तीतून एका झटक्यात आठ प्रोसेसर-कुटुंबं गेली. त्यात ब्लॅकफिन होतं, नेटवर्क कॅमेऱ्यांसाठी वापरलं गेलेलं क्रिस होतं. बहुतेक एम्बेडेड जगातली, म्हणजे यंत्राच्या पोटात बसून एकच काम करणारी. आर्न्ड बर्गमान यांनी ही साफसफाई केली. उलट मोटोरोलाचं ६८००० कुटुंब, ज्याची सुरुवात १९७९ची, ते त्याच साफसफाईत टिकलं. अमिगा आणि अटारीचे जुने संगणक जपणारे लोक त्याच्या मागे उभे आहेत. दर आवृत्ती चालवून बघतात, मोडलं तर सांगतात आणि दुरुस्त करतात.

मला हा निकष न्याय्य वाटतो. उपकरण हातात असलेला एक माणूस उत्तर देत असेल तोवर ड्रायव्हर ठेवावा, मग वापरणारे जगात पंधराच का असेनात. आणि कुणीच उत्तर देत नसेल तर तो जावा, मग कंपनी कितीही मोठी असो.

“आपलं कोण ऐकणार?”

ऐकतात. २०१९च्या जुलैमध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर ‘अनाथ’ असा शिक्का बसला, कारण मेंटेनरकडेच चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरली नव्हती. त्याच सुमारास डेनिस एफ्रेमोव्ह हा डेव्हलपर त्यातल्या चुका शोधून दुरुस्त्या पाठवत होता. त्याने जबाबदारी घेतली आणि ड्रायव्हर राहिला. त्याच्यामागे कुठली मोठी कंपनी उभी नव्हती. उपकरण आणि तयारी, एवढंच लागलं.

काढलेला ड्रायव्हर कायमचा नष्ट होतो असंही नाही. इतिहासात तो असतोच, आणि कुणी पुढे येऊन ‘मी वापरतो, मी तपासतो’ म्हणालं तर परत आणता येतो. पण मध्ये दोन-तीन वर्षं गेली की वायरिंग इतकं बदललेलं असतं की परत आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं. बोलायचं तर काढायच्या प्रस्तावाच्या वेळीच बोललेलं बरं.

“बाहेर काढून आपल्यापाशी ठेवला तर?”

ठेवता येतो. परवाना मुक्त आहे, कोड उचलून स्वतः बांधता येतो. मात्र आतले नियम बदलत असल्याने प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा जुळवावा लागतो. म्हणजे आजवर वाड्याचा वायरमन जे करत होता ते आता तुम्ही करायचं. ज्या वर्कशॉपमध्ये सी भाषा येणारा माणूस पगारावर नाही, तिथे हे एक-दोन अपडेटपर्यंत टिकतं आणि मग अडतं.

काही उपकरणांसाठी मधला मार्ग आहे आणि तो आधी तपासावा. कर्नलने फक्त दार उघडून द्यायचं आणि उपकरणाशी बोलायचं काम साध्या प्रोग्रामने करायचं. ‘यूआयओ’ ही सोय लिनक्समध्ये २००७पासून आहे, यूएसबी उपकरणांसाठीही तशीच वेगळी सोय आहे. मंद गतीच्या, सेकंदाला दोन-चार आकडे देणाऱ्या उपकरणाला हे छान पुरतं. सेकंदाला हजारो नमुने घेणाऱ्या कार्डाला पुरेलच असं नाही.

“जुन्याच कर्नलवर राहिलो तर?”

बहुतेक जण हेच करतात, आणि बेंच नेटवर्कला जोडलेला नसेल तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. चालू यंत्राला उगाच हात न लावणं हेही शहाणपणच आहे. पण यात अडचण येते ती वेगळ्याच दिशेने. कार्ड टिकतं, पीसी मरतो. मदरबोर्ड जातो. बाजारातून आयएसए किंवा जुना पीसीआय स्लॉट असलेला औद्योगिक बोर्ड मिळतो, तो नव्या चिपचा असतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा कर्नल त्याचं नेटवर्क किंवा डिस्क ओळखतच नाही. जुन्या कार्डाला जुना कर्नल हवा आणि नव्या बोर्डाला नवा, अशी कोंडी होते. ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये राहिलेला असेल तरच ती सुटते.

दुसरं, जुना कर्नल म्हणजे किती जुना हे पाहावं. काही आवृत्त्या एलटीएस म्हणून जाहीर होतात, म्हणजे त्यांना जास्त काळ फक्त दुरुस्त्या मिळतात. सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर झालं की हा काळ सहा वर्षांवरून हळूहळू दोन वर्षांवर आणायचा, कारण दुरुस्त्या मागे नेणारी माणसं थकली होती. ज्यांना याहून जास्त काळ हवा अशा सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्यांनी २०१६मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ सुरू केला. वीजकेंद्रं, रेल्वे अशा कामांसाठी ते निवडक आवृत्त्या दहा वर्षं सांभाळतात. चांगली सोय आहे, पण त्यांचं लक्ष सदस्यांना लागणाऱ्या भागांवर असतं. तुमचं कार्ड त्यात असेलच असं नाही.

तिसरं, १९ जानेवारी २०३८. त्या दिवशी ३२ बिटांत मावणारी सेकंदांची मोजणी संपते आणि जुनं घड्याळ १९०१मध्ये उडी मारतं. ३२ बिट यंत्रांसाठी कर्नलमधली यावरची दुरुस्ती २०२०च्या ५.६ आवृत्तीत पूर्ण झाली. त्याआधीच्या कर्नलवर थांबलेली ३२ बिट यंत्रं तारखेनिशी रिपोर्ट छापत असतील, तर तो दिवस त्यांच्यासाठी दूर नाही.

वर्कशॉपने काय करावं

आधी आपल्या बेंचवर कुठला ड्रायव्हर चालतो ते माहीत करून घ्यावं. टर्मिनलमध्ये ‘एलएसमॉड’ (lsmod) ही आज्ञा दिली की मेमरीत आलेल्या भागांची यादी मिळते. त्यातलं आपल्या कार्डाचं नाव यंत्राच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं, आणि मेंटेनर्स फाइलमध्ये त्याची स्थिती वर्षातून एकदा बघावी.

दुसरं काम थोडं कष्टाचं, पण सगळ्यात जास्त वजनाचं. चालू बेंचला हात न लावता एखाद्या सुट्या पीसीत जास्तीचं कार्ड बसवून वर्षातून एकदा नवा कर्नल चालवावा, ओळखीचं व्होल्टेज देऊन आकडा बरोबर येतो का पाहावं, आणि मेंटेनरला दोन ओळी कळवाव्यात: हे कार्ड, हा कर्नल, चाललं. मोडलं तर काय झालं ते. कर्नलच्या नोंदीत यासाठी ‘टेस्टेड-बाय’ अशी खास ओळ असते, तिथे तपासणाऱ्याचं नाव लागतं. इंग्रजी अलंकारिक असावं लागत नाही. आपल्या कलाभवनात, म्हणजे आताच्या एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकणाऱ्या मुलांना हे काम प्रोजेक्ट म्हणून देता येईल. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं ते कारागिरीला शिक्षणाची जोड द्यायला, आणि एखाद्या बेंचचा ड्रायव्हर जिवंत ठेवणं ही आजची कारागिरीच आहे.

नवं यंत्र घेताना पुरवठादाराला दोन गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरं पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्यावीत. ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कोडमध्ये आहे की कंपनीने वेगळा दिलाय? वेगळा असेल तर त्याचा सोर्स कोड यंत्राबरोबर मिळेल का? कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यामुळे यंत्रात लिनक्स घालून विकणाऱ्याने त्या कर्नलचा सोर्स ग्राहकाला देणं बंधनकारक आहे. हा हक्क बहुतेक ग्राहक कधी मागतच नाहीत. पंधरा वर्षं चालवायचं यंत्र घेताना तो पहिल्याच दिवशी मागावा, कारण पुढे ती कंपनी असेल की नाही हे पुरवठादारालाही सांगता येणार नाही.